घोरपडीचं व्याकरण

या, अशा पुढे सरकून बसा. मागे पंख्याच्या घरघरीत माझा आवाज पोचायचा नाही. बुवा यायला अवकाश आहे, पेटीवाल्यांचा चहा व्हायचाय, तेवढ्यात एक कथा सांगते. देवादिकांची नाही. आमच्या बेलसांगवीच्या गटारांची आहे, त्यात उतरणाऱ्या एका यंत्राची आहे आणि माझ्या भाचीची, शाल्मलीची आहे. नाक मुरडू नका. या कथेत राक्षस नाही, शाप नाही. भांडण आहे ते एका अक्षराचं, ‘तो’ आणि ‘ते’ यांचं. ऐकताना तुम्हाला हसू येईल. मलाही पहिल्यांदा आलं होतं. आता राग येतो.

शाल्मली माझ्या भावाची मुलगी. मी त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहते. पोरगी शाळेत होती तेव्हा ‘पाताळखिंड’ नावाचा खेळ घरोघर शिरला होता. पाच जणांची टोळी करून भुयारात उतरायचं. भुयारात उजेड नाही. हाक मारली की पडसाद येतो, आणि त्या पडसादावरून पडद्यावर राखाडी रेघा उमटतात. त्या रेघांवरून भिंत कुठे, खड्डा कुठे, दरड कुठून सुटतेय हे ताडायचं. पाच जण पाच गावांतले. दोन्ही हात दांड्यांवर अडकलेले, म्हणून जो जे करतो ते तो तोंडानं सांगतो: धरतो, सोडतो, मागे घेतो. नाहीतर बाकीच्यांना कळणार कसं?

पहिल्या दिवशी ती माइकवर म्हणाली, “मी पुढे येते.”

एवढ्यावर टोळी थांबली. एक म्हणाला, “ताई, पोळ्या झाल्या का लाटून?” दुसरा म्हणाला, “भावाचा फोन घेतला वाटतं, दे बरं त्याला.” तिसरा जे बोलला ते देवळात सांगण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ‘खंड्या’ झाली. आवाज जाड करणारं एक साधन तिनं कुठूनतरी उतरवून घेतलं, आणि येतो, धरतो, सोडतो असं बोलायला लागली. सात वर्षं बोलली. वहिनी जेवायला हाक मारायची तर खोलीतून उत्तर यायचं, “आलो आई.” वहिनी कपाळाला हात लावायची. “येतो काय, जातो काय. सासरी जाऊन अशीच बोलणार आहेस का गं?”

पण त्या सात वर्षांत पोरगी काय काय शिकली ते आम्हाला उशिरा कळलं. खेळ अडखळला की वाटेत नेमकं कुठे तुंबतंय ते शोधायला शिकली. खेळात नसलेला नकाशा स्वतः प्रोग्राम लिहून त्याला जोडायला शिकली. दांडा सैल झाला तर तो उघडून आतल्या तारेला डाग द्यायला शिकली. हे तिला शिकवणारा होता टोळीतलाच एक जोडीदार, ‘बोका’ नावाचा. कुठल्या गावचा, कोण, काही माहीत नाही. शाल्मलीनं पहिला प्रोग्राम लिहिला आणि तो चालेना, तेव्हा त्यानं सांगितलं होतं, “खंड्या, चूक तुझ्या डोक्यात नाही, तुझ्या कंसात आहे. उघडलास तो बंद केला नाहीस.” दरड कोसळायला लागली की बाकीचे आरडाओरडा करायचे आणि बोका एकच शब्द बोलायचा. शाल्मली म्हणायची, “आत्या, संकटात कसं बोलावं ते बोक्याकडून शिकावं.” मी म्हणायचे, “ते गजेंद्रानं शिकवलंय, एका हाकेत देव आणला.” आम्ही दोघी हसायचो.

एक दिवस बोका यायचा बंद झाला. पुढे शाल्मलीचा डिप्लोमा झाला आणि खेळही मागे पडला.

आता यंत्राची गोष्ट. आपल्या नगरपालिकेनं दोन वर्षांपूर्वी ते आणलं. कागदावरचं नाव लांबलचक आहे, पण गावानं पाहिलं आणि घोरपड म्हटलं. चार पाय, प्रत्येकाला चिकटून बसणारे तळवे, पुढे एक मोठी नांगी. चेंबरचं झाकण काढायचं, केबलला बांधून तिला आत सोडायचं. आत विषारी वायू असतो, काळोख असतो, कॅमेऱ्यावर गाळ बसतो, म्हणून ती आवाजाच्या लाटा सोडते आणि पडसादावरून चित्र काढते. राखाडी रेघा. बाहेर गाडीत बसलेला माणूस दोन दांड्यांनी तिला चालवतो. हात त्यातच गुंतलेले, म्हणून नांगी चालते ती तोंडच्या शब्दावर.

पण चेंबरभोवती गर्दी जमते, आणि आपली माणसं गप्प बसतात का? “अरे धर, धर,” “सोड की बाबा,” “मागे घे.” ते सगळं जर यंत्रानं ऐकलं तर झालंच. म्हणून कंपनीवाल्यांनी युक्ती केली. हुकूम ऐकायचाच नाही. जो स्वतःबद्दल बोलतो तोच चालवणारा. ‘धर’ म्हणाल तर ती ढिम्म. ‘धरतो’ म्हणाल तर धरते. काही शंका आली तर आहे तिथे थांबायचं, नांगी आहे तशी घट्ट ठेवायची, कारण थांबणं म्हणजे सुरक्षित, असं तिला शिकवलेलं.

शाल्मलीला चालकाची जागा मिळाली, सहा महिन्यांच्या बोलीवर. पडद्यावरच्या रेघा पाहून तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, डाव्या हाताला वीट निसटली आहे. मुकादम शेवाळे बघतच राहिले. सोपाननाना मात्र नुसतेच हसले. नाना म्हणजे आपल्या कीर्तनात टाळ धरतात ते. तीस वर्षं याच चेंबरांत कमरेला दोर बांधून उतरले. त्यांच्या बरोबरीचे दोघं वर आलेच नाहीत. घोरपड आली आणि नानांचा दोर गाडीच्या खुंटीला टांगला गेला. मी त्या दिवशी देवापुढे साखर ठेवली होती.

मार्केट यार्डासमोरचं चेंबर तुंबलं, तो शाल्मलीचा पहिला खरा दिवस. घोरपड खाली गेली. नांगी गोणपाटाच्या बोळ्यावर आली. शाल्मली माइकवर म्हणाली, “धरते.”

घोरपड थांबली.

“धरते. मी धरते.”

काही नाही. पडद्यावर अक्षरं आली: बाहेरचं बोलणं, दुर्लक्षित.

गर्दीतून आवाज आला, “बाईचं मशीनसुद्धा ऐकत नाही राव.” हशा पिकला. शेवाळ्यांनी घड्याळ पाहिलं. यार्डातलं पाणी रस्त्यावर यायला लागलं होतं. ते म्हणाले, “नाना, दोर काढा. लई वेळ नाही आपल्याकडं.”

नानांनी खुंटीवरचा दोर काढला आणि ते तो कमरेला गुंडाळायला लागले. मी तिथे भाजी घ्यायला गेले होते, डोळ्यांनी पाहिलं. शाल्मलीनंही पाहिलं. तिनं माइक ओठांजवळ ओढला आणि जाड आवाजात म्हणाली, “धरतो.”

नांगी मिटली. बोळा वर आला, पाणी खळाळत उतरलं. नानांनी दोर पुन्हा टांगला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शेवाळे म्हणाले, “बघा, एवढंच तर होतं.”

त्या संध्याकाळी ती जेवली नाही. मी वर बोलावून घेतलं, तांदळाची कण्हेरी दिली, म्हटलं, “अगं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं? बुवा गवळण म्हणतात तेव्हा ‘मी पाण्याला गेले’ म्हणतात ना? मिशा असलेला माणूस गोपी होतो आणि आपल्या डोळ्यांत पाणी येतं. तसं समज.”

ती वाटीत चमचा फिरवत राहिली. मग म्हणाली, “आत्या, गवळण संपली की बुवा बुवाच असतात. ‘गेले’ म्हणाल तरच माइक चालू होईल, असं त्यांना कुणी म्हणत नाही.”

मी तिच्या वाटीत तूप सोडलं.

“आणि शेवाळे म्हणतात, कोल्हापूरकडं बायका ‘येतो’च म्हणतात, त्यांचं काय बिघडलं? त्यांचं काहीच बिघडलं नाही. त्या आईचं बोलतात. मी कुणाचं बोलू?”

तरी कामावर ती धरतोच म्हणत राहिली. नानांचा दोर खुंटीवर राहावा म्हणून. वर दर आठवड्याला कंपनीला तक्रार करत राहिली. उत्तर यायचं: आपली सूचना आम्हाला महत्त्वाची वाटते. अशी आठ-दहा उत्तरं जमल्यावर तिनं तीच सूचना पालिकेच्या अधिकाऱ्यांच्या सहीनं पाठवली. मग कुठे कंपनीचा माणूस आला. पुष्कर दाबके. सभ्य मुलगा, आमच्या घरी चहाला थांबला. मी बाकरवड्या ठेवल्या.

“ताई, दोष यंत्राचा नाही,” तो म्हणाला. “लोक घोरपडीबद्दल काय बोलतात? ‘धरते बघ आता’, ‘सोडते वाटतं’. घोरपड बाई आहे ना. म्हणजे ‘धरते’ हे बघ्यांचं बोलणं. तिला ते वगळायलाच शिकवलंय.”

“आणि बाई स्वतःबद्दल बोलली तर?”

“तसं बोलणं तिनं ऐकलेलंच नाही. आम्ही तिला शिकवलं ते पाताळखिंडीतल्या बोलण्यावरून. खेळणाऱ्यांनी परवानगी दिलेले लाखो तास आहेत. मराठी टोळ्यांत बायकांचं बोलणं नावालासुद्धा नाही.” त्यानं बाकरवडी उचलली. “खरं सांगू? तुम्ही मुली खेळतच नाही. मग यंत्र तरी काय करणार?”

शाल्मली पुढे सरकून बसली. “कुणाच्या आवाजावरून शिकवलं, ऐकवाल का?”

त्यानं आनंदानं लॅपटॉप उघडला. “हा बघा आमचा सगळ्यात स्वच्छ नमुना. प्रशिक्षणाला हाच दाखवतो. खंड्या नावाचा मुलगा आहे कुणीतरी.”

लॅपटॉपमधून जाड आवाज आला, “धरतो. थांब, वरून येतंय. धरतो.” मागे, अगदी बारीक, वहिनीची हाक ऐकू आली: “शाल्मले, पानं घेतलीत गं.”

स्वयंपाकघरातून वहिनी हातात उलथनं घेऊन बाहेर आली. “माझ्या आवाजात कोण हाक मारतंय?” ती म्हणाली.

पुष्करची बाकरवडी हातातच राहिली. शाल्मली हसायला लागली, आणि ते हसणं काही केल्या थांबेना. शेवटी मीच तिच्या पाठीवर हात ठेवला. “मुली खेळत नाहीत,” ती म्हणाली. “आम्हीच शिकवलं हो तिला. आम्हीच.”

पुष्कर सभ्य होता म्हटलं ना. त्यानं मान खाली घातली आणि उपाय सांगितला, तो असा. वहीतून वाचून ‘धरते’ हजारदा म्हटलं तरी उपयोग नाही. यंत्र शब्दासोबत श्वास ऐकतं. करणाऱ्याचा श्वास शब्दाच्या आधी अडतो. बघणाऱ्याचा शब्दानंतर सुटतो. मी लगेच म्हटलं, बरोबर आहे, तान घेण्याआधी बुवांचा अडतो तसा. तो म्हणाला, “अगदी तसा. म्हणजे खरी दरड कोसळत असताना, खऱ्या घाईत, बायकांनी ‘धरते’, ‘सोडते’ म्हटलेलं पाहिजे. तसे तास जगात नाहीत. तुम्ही जमवलेत तर मी शिकवतो. कंपनी त्यासाठी वेगळं काही देणार नाही.”

“नाही देणार?”

“हा वेगळा पर्याय धरतात ना, ताई. पालिकेनं मागणी केली तर दरपत्रक देऊ.”

शाल्मली पालिकेत गेली. शेवाळ्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “ताई, धरतो म्हणायला काही खर्च येत नाही.” विषय संपला.

मग ती पुन्हा पाताळखिंडीत उतरली. जुन्या टोळ्यांत तिनं निरोप टाकला: मी खंड्या. मी मुलगी आहे. तुमच्यापैकी अजून कोण आहे? मला वाटलं होतं एखाददुसरी निघेल. उत्तरं येतच राहिली. ‘सुलतान’ ही मंगळवेढ्याची नर्स निघाली. ‘काळभैरव’ ही परतूरची, दोन लेकरांची आई. ‘बाजीगर’ तर शाळेत गणित शिकवत होती. शाल्मली एकेक नाव वाचायची आणि म्हणायची, “याच्याशी मी भांडले होते. हा पण? हिच्याशी.”

रोज संध्याकाळी त्या खेळायला लागल्या, आपापल्या आवाजात. मीही शेजारी वाती वळत बसायचे. आणि काय ऐकलं म्हणता? इतकी वर्षं गेली, भुयारं नवी झाली, पण बोलणं तेच. “अरे, भिशी भरलीय इथं.” “काकू, कुकरची शिट्टी झाली बघा.” एकदा न राहवून मी माइकजवळ तोंड नेऊन म्हटलं, “बाळा, तुझी आई घरी आहे का? तिला दे बरं जरा.” तो लगेच बाहेर पडला. तेवढंच समाधान.

पण टोमणे मारणाऱ्यांपेक्षा वेगळाच त्रास होता. ऐन घाईत त्यांच्या तोंडून ‘धरतो’च निघायचं. इतक्या वर्षांची सवय. नर्सबाई दर वेळी जीभ चावायची. “आता खाट ओढतानासुद्धा ओढतो म्हणते मी. म्हणतो. म्हणते. गेलं बाई डोकं माझं.” निवांत असताना ‘धरते’ सहज जमायचं, पण निवांतपणाचे तास पुष्करला नको होते. काहीजणी कंटाळून गेल्या. गणिताच्या बाईंच्या घरी कुरकुर सुरू झाली. शाल्मलीच्या बोलीचे महिने संपत आले होते, आणि हातात आलेलं बोलणं मूठभर.

“बोका हवा होता,” ती म्हणायची. “संकटात एकच शब्द बोलणारा. आणि तो एकदम बरोबर.”

“तो बाप्या असेल तर काय उपयोग?” मी म्हटलं.

पण बोक्याच्या जुन्या नावावर तिनं निरोप टाकतच ठेवले. एका संध्याकाळी खेळ चालू असताना पडद्याच्या कोपऱ्यात ते नाव उजळलं. शाल्मलीचे हात दांड्यांवर थांबले. माइकमध्ये खरखर झाली, आणि बारीक, घाईचा, बायकी आवाज आला:

“खंड्या, मी आले.”

आले. मी वात हातातच धरून बसले.

“बोक्या?”

“बोलत नको बसू. थोडा वेळ आहे. उतरूया.”

आणि त्या उतरल्या. मला खेळातलं कळत नाही, पण गाणं कळतं. ती मुलगी गात नव्हती, तरी तिचं बोलणं तालात होतं. दरड कलली की ती थांबायची, क्षणभर श्वास धरायची, आणि म्हणायची, “सोडते.” एवढंच. दगड बरोबर निसटायचा. पुन्हा श्वास. “सोडते. मागे ये, खंड्या.” टोमणे मारणारी पोरंसुद्धा गप्प झाली होती. एक तर म्हणाला, “ताई, तुम्ही कोणत्या टोळीत असता?”

शाल्मलीनं मध्येच विचारलं, “तुझं नाव काय गं?”

“सांगते ना. ही दरड जाऊ दे.”

दरड गेली. तेवढ्यात तिच्या मागून दाराचा आवाज आला आणि पुरुषाचा प्रश्न: “कुणाशी बोलायलीस?”

पडद्यावरचं नाव विझलं.

तिनं आवाज वापरायची परवानगी आत येतानाच दिली होती. खेळ सुरू होताना जो प्रश्न येतो, त्याला ‘हो’ म्हणून ठेवलं होतं. म्हणजे कशासाठी बोलावलंय ते तिनं निरोपांत वाचलं होतं. शाल्मलीनं नंतर किती निरोप टाकले. एकही वाचला गेला नाही.

पुष्करनं जमलेलं सगळं घेऊन घोरपडीला शिकवलं. चाचणीचा दिवस ठरला, स्टँडमागचं खोल चेंबर. अधिकारी आले, शेवाळे आले, गर्दी तर होतीच. चाचणी चोख व्हावी म्हणून पुष्करनं त्या दिवसापुरती ‘तो’ची वाट बंद केली. घोरपड फक्त ‘ते’ ऐकणार.

शाल्मली म्हणाली, “नाना वर थांबतील, एवढी अट आहे माझी.” अधिकारी हो म्हणाले.

पहिल्यांदा ‘धरते’ चाललं. दुसऱ्यांदाही चाललं. माझे हात जोडलेलेच होते. मग एक फरशीचा तुकडा लागला, भिंतीला टेकून उभा. शाल्मली म्हणाली, “धरते.” नांगी अर्धी मिटली आणि थांबली. पुन्हा म्हणाली. थांबलेलीच. ना धरलं, ना सोडलं. केबल फरशीखाली अडकली. पलीकडून पाणी चढत होतं.

अधिकारी फोनवर होते. शेवाळे म्हणाले, “नाना, चार पायऱ्या फक्त. फरशीला पहारीनं हलवायचंय, बास.”

“अट काय ठरली होती, शेवाळेसाहेब?” शाल्मली गाडीतून ओरडली.

“अट ठरली तवा मशीन चालत होतं.”

नानांनी दोर बांधला. तिच्याकडे बघून म्हणाले, “पोरी, हे माझ्या रोजच्या वाटेवरचं हाय. मला काय व्हतंय.” तोंडावर मुखवटा चढवून ते खाली गेले.

पहार लावताच गाळ सरकला. फरशी कलली, घोरपड तिच्यासकट फिरली, आणि नानांचा पंजा नांगी आणि फरशी यांच्यामध्ये आला. वर दोर धरलेल्या पोरांना नाना ओढताच येईनात. सगळे एकदम ओरडायला लागले, “सोड, सोड, अरे सोड.” घोरपडीला तसलं ऐकायचं नाही असंच शिकवलेलं. पुष्करनं ‘थांबा’चं बटण दाबलं. थांबा म्हणजे आहे तिथे घट्ट, फक्त कान उघडे.

शाल्मलीच्या तोंडून निघालं, “सोडतो.”

काही नाही.

“सोडतो, सोडतो.” सात वर्षांची जीभ. पडद्यावर अक्षरं: दुर्लक्षित. मी गाडीच्या खिडकीशी उभी होते. पुष्कर ‘तो’ची वाट उघडायला बसला होता, पण ते दोन शब्दांचं काम नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, अगं, तुझ्या आईचं बोल. ओरडले नाही. बघ्यांचं बोलणं काय कामाचं?

तिनं डोळे मिटले. श्वास घेतला आणि धरला. मी तो श्वास आधी कुठे ऐकला होता ते मला कळलं.

“सोडते.”

नांगी उघडली.

नाना वर आले तेव्हा त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सुजून काळी पडली होती. मुखवटा काढून ते म्हणाले, “चहा सांगा कुणीतरी.” शाल्मली गाडीतून उतरली आणि शेवाळ्यांना एवढंच म्हणाली, “दोर मला द्या.” तिनं तो घरी आणला. अजून आमच्याकडे आहे. पालिकेनं परत मागितला, तेव्हा वहिनीनं सांगितलं, त्यावर कपडे वाळत घातलेत.

आता तुम्ही म्हणाल, गोड झालं. कुठलं गोड? पुष्करनं चाचणीचा निकाल लावला: ‘सोडते’ खात्रीचं आहे, ‘धरते’ अजून डळमळतं. कारण सरळ आहे. ‘सोडते’ शिकवणारं एक तासाचं खणखणीत बोलणं मिळालं होतं. ‘धरते’ शिकवायला बोका थांबलाच नाही. थांबली नाही. पालिकेनं त्यावर आदेश काढला की चालक महिला असल्यास धरताना पुल्लिंगी रूप वापरावं, सोडताना कोणतंही चालेल. शाल्मलीची नोकरी पक्की झाली. आदेशाचा कागद तिनं मला वाचून दाखवला आणि म्हणाली, “बघ आत्या. काही धरायचं तर अजून बाप्या व्हावं लागतं. सोडायला बाई चालते.”

मला संताप येतो. इतकं नामस्मरण करते, तरी येतो. नर्सबाई आणि परतूरची दोन लेकरांची आई अजून संध्याकाळी उतरतात, टोमणे खातात, ‘धरते’चे तास जमवतात. थोडे जमतात, थोडे वाया जातात. पुढच्या वर्षी होईल म्हणतात.

पेटी वाजायला लागली, बुवा आले वाटतं. एवढं ऐकलंत, तर एक मागणं आहे. आज आरतीला हात जोडाल तेव्हा त्या मुलीची आठवण काढा. तिचं खरं नाव आम्हाला माहीत नाही, गाव माहीत नाही. दाराआड तिला काय उत्तर द्यावं लागलं तेही माहीत नाही. बोका म्हणा, देवाला कळेल. ती एकदाच म्हणाली, मी आले.